एकवीसचा डाव

दिवाळी पाडव्याच्या संध्याकाळी आमच्या मळमड्डीच्या घरात पत्ते निघत असत. एरवी ते वर्षभर आजीच्या ट्रंकेत, जुन्या लुगड्याच्या घडीत असायचे. पणजोबा सदर्न मराठा रेल्वेत कारकून म्हणून साताऱ्याकडून धारवाडात आले आणि इथलेच झाले. रेल्वेच्या ज्या कचेरीत ते काम करीत, त्याच वास्तूत पुढे कर्नाटक कॉलेज भरू लागले. स्टेशनाजवळचे हे घर आजोबांनी बांधले, आणि पाडव्याच्या खेळाचा रिवाजही त्यांनीच घातला.

खेळ एकच असे, एकवीस. प्रत्येकाला पन्नास चिंचोके मिळत. बँक आजोबांची. ते दोन-दोन पाने वाटत; एक्का हवा तर एक, हवा तर अकरा; राजा, राणी, गुलाम यांचे दहा. बेरीज एकवीसच्या जवळ न्यायची, पण पुढे गेली की डाव जळला. बरोबरी झाली तर बँकेची जीत. रात्री नवाच्या सुमाराला आजोबा डबा पुढे करीत आणि सगळ्यांचे चिंचोके परत त्यात जात. जिंकलेलेही आणि उरलेलेही. मी एकदा रडून विचारले होते, मग जिंकून उपयोग काय? ते म्हणाले, "बेरीज पक्की झाली की नाही?"

हा रिवाज १९९४ साली बंद पडला. माझी थोरली बहीण, आमची अक्का, त्या दिवाळीला हुबळीहून माहेरी आली ती हातात काचेच्या बांगड्या घालून. पाटल्या नव्हत्या. पाडव्याच्या सकाळी तिने ट्रंक उघडली, पत्त्यांचा जोड काढला आणि न्हाणीघरातल्या चुलीत घातला. आजी काही बोलली नाही. त्यानंतर आमच्या घरात पत्ते आले नाहीत.

गेल्या वर्षी पाडव्याला अक्काचा मुलगा श्रीधर बंगळूरहून आला होता. कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. ऑफिसमधली मंडळी डिसेंबरात गोव्याला जाणार, आणि एक रात्र मांडवी नदीतल्या कॅसिनोच्या बोटीवर काढणार असे ठरले होते. जेवणे झाल्यावर तो हळूच म्हणाला, "मामा, तिथं ब्लॅकजॅक म्हणून एक खेळ असतो. आपल्या घरी पूर्वी एकवीस खेळायचे म्हणे, तोच ना? मला नियम शिकवाल?"

अक्का स्वयंपाकघरात होती. तिला ऐकू गेले असावे, कारण भांड्यांचा आवाज थांबला.

मी हायस्कूलचा हेडमास्तर. जुगार वाईट हे सांगणे माझ्या कामातच येते, आणि ते मी तीस वर्षे सांगत आलो आहे. पण "शिकवाल का" असे विचारणाऱ्याला "नको" एवढेच उत्तर देणे मास्तरकीला शोभत नाही. मी दोन दिवस मागून घेतले आणि माझ्या विषयाच्या, म्हणजे इतिहासाच्या, पुस्तकांत शिरलो. तिथे जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो आहे.

* * *

पहिली गोष्ट अशी, की पाडव्याचा खेळ ही आजोबांची लहर नव्हती. कार्तिक शुद्ध प्रतिपदेला आपण बलिप्रतिपदा म्हणतो. धर्मग्रंथांत तिचे एक नाव द्यूतप्रतिपदा असेही आहे. त्या दिवशी शंकर-पार्वती फासे खेळले आणि पार्वती जिंकली, अशी कथा. त्या सकाळी जो जिंकेल त्याचे वर्ष चांगले जाईल, ही समजूत. पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात व्रते आणि उत्सव यांचा विचार करताना याची नोंद केली आहे. कोजागरीच्या जागरणातही फासे खेळण्याचे विधान आहे. म्हणजे आपल्या परंपरेने जुगाराला वर्षातून एखाददुसरा दिवस दिला, आणि बाकीचे दिवस दाराबाहेर ठेवले.

दाराबाहेर ठेवण्याचे कारणही तितकेच जुने आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले चौतिसावे सूक्त एका जुगाऱ्याचे आहे. बेहड्याच्या फळांचे फासे त्याला झोपू देत नाहीत. बायको दूर होते, सासू तिरस्कार करते, भाऊबंद ओळख दाखवत नाहीत. दुसऱ्यांची सुखी घरे पाहून त्याचा जीव जळतो. तरी सकाळी तो पुन्हा सभेकडे वळतो. शेवटी त्याला उपदेश मिळतो तो साधा आहे: फासे सोड, शेत कस. तीन हजार वर्षांत या वर्णनातले बेहड्याचे फळ तेवढे बदलले.

दुसरा धागा कौटिल्याचा. अर्थशास्त्राची पोथी म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयात आर. शामशास्त्री यांच्या हाती लागली १९०५ साली, आणि १९०९ साली त्यांनी ती छापली. पुढे तिची चिकित्सक आवृत्ती मुंबई विद्यापीठासाठी र. पं. कंगले यांनी सिद्ध केली. कन्नड मुलखात सापडलेला ग्रंथ मराठी माणसाने शुद्ध करून दिला, ही गोष्ट आपल्यासारख्या दोन भाषांत राहणाऱ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. कौटिल्य जुगारावर बंदी घालत नाही. तो द्यूताध्यक्ष नावाचा अधिकारी नेमतो. खेळ एकाच ठिकाणी चालावा; दुसरीकडे खेळेल त्याला बारा पण दंड. फासे अधिकाऱ्याने पुरवायचे. कुणी ते बदलले तर त्यालाही दंड. जिंकलेल्या रकमेतून शेकडा पाच सरकारजमा. शिवाय फाशांचे भाडे, पाण्याचे पैसे, जागेचे पैसे वेगळे. एका जागी खेळ आणण्याचे कारण तो स्पष्ट सांगतो: चोरटे धंदे करणारी माणसे तिथे आपोआप उघडी पडतात. नीतीचा शब्द त्यात नाही. हिशेब आहे.

आपल्या भागातला तिसरा धागा म्हणजे कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याचा बाराव्या शतकातला 'मानसोल्लास'. या संस्कृत ग्रंथात जुन्या मराठीतले पदांचे नमुने आहेत, म्हणून मराठीच्या विद्यार्थ्यांना तो ठाऊक असतो. त्याच ग्रंथात राजाच्या विनोदांमध्ये बुद्धिबळ आणि फासे यांनाही जागा आहे. राजाने खेळावे, पण खेळाचे नियम लिहून ठेवावेत, ही त्यामागची दृष्टी मला मोलाची वाटते.

* * *

आता पत्ते. सोळाव्या शतकाच्या आरंभी बाबराने आपल्या आठवणींत गंजिफाचे पत्ते सिंधला पाठवल्याची नोंद केली आहे. हे गोल पत्ते मोगलांबरोबर पसरले. दक्षिणेत त्यांनी दशावताराचे रूप घेतले: दहा अवतार, प्रत्येकाची बारा पाने, एकूण एकशे वीस. दिवसा खेळ असेल तर रामाच्या राजाने सुरुवात, रात्री कृष्णाच्या. सावंतवाडीच्या चितारी कुटुंबांनी ही कला टिकवली. ती मरणपंथाला लागली तेव्हा राजेसाहेब शिवरामराजे आणि राणी सत्त्वशीलादेवी भोसले यांनी गेल्या शतकाच्या सत्तरीत राजवाड्यात तिला पुन्हा उभे केले. तिकडे म्हैसुरात तिसऱ्या कृष्णराज वडियारांनी गंजिफाचे अनेक नवे प्रकार रचले. म्हणजे आमच्या धारवाडच्या पश्चिमेला एक गंजिफा, दक्षिणेला दुसरा.

चौकोनी, बावन्न पानांचा जोड युरोपातून आला, आणि त्यातले खेळही. आपण मराठीत इस्पिक म्हणतो ते एका रंगाला. धारवाडच्या कानडीत 'इस्पीट' म्हणजे सगळा पत्त्यांचा जुगारच. एकाच शब्दाने घाट ओलांडताना केवढे अंग धरले पाहा.

एकवीसचा खेळ युरोपात जुना. स्पॅनिश लेखक सर्व्हांतेस याच्या १६१३ साली छापलेल्या एका कथेत दोन भामटी पोरे हाच खेळ खेळतात, आणि एक्क्याचे एक किंवा अकरा मोजण्याची युक्ती तेव्हाही होतीच. फ्रान्समध्ये त्याचे नाव एकवीसच होते. अमेरिकेत गेल्यावर तो ब्लॅकजॅक झाला. शब्दशः अर्थ 'काळा गुलाम', पण आजच्या खेळात काळ्या गुलामाला वेगळा मान नाही. तोही इतरांसारखा दहाचाच. नेवाडा राज्याने १९३१ साली जुगार कायदेशीर केला आणि तिथून हा खेळ जगभरच्या कॅसिनोंत गेला.

* * *

दोन दिवसांनी मी श्रीधरला बसवले. पत्त्यांचा नवा जोड तोच घेऊन आला होता. चिंचोके मात्र जुन्या डब्यातले. नियम मी फळ्यावर मांडावेत तसे मांडले. वाचकांसाठी तेच देतो.

खेळ तुमचा आणि पाने वाटणाऱ्याचा. टेबलावर पाच-सात माणसे असली तरी त्यांचा एकमेकांशी संबंध नाही. आधी पैज ठेवायची. मग तुम्हाला दोन पाने, वाटणाऱ्याला दोन. त्याचे एक उघडे असते. पहिल्या दोन पानांतच एक्का आणि दहाचे पान आले तर तो खरा ब्लॅकजॅक, त्याला दीडपट मिळते. नाही तर तुम्ही पान मागा किंवा थांबा. एकवीसच्या पुढे गेलात की जळलात. पैज लगेच उचलली जाते. सगळ्यांचे झाले की वाटणाऱ्याची पाळी. त्याला विचार करायचा अधिकार नाही: सोळापर्यंत पान घ्यायचेच, सतराला थांबायचेच. तो जळला तर उरलेले सगळे जिंकले. बरोबरी झाली तर आपली पैज आपल्याला परत. आजोबांसारखी ती बँकेकडे जात नाही. यापुढे दोन सवलती: पहिल्या दोन पानांवर पैज दुप्पट करून एकच पान घ्यायचे, किंवा सारखी दोन पाने असतील तर तितकीच पैज आणखी ठेवून त्यांचे दोन डाव करायचे.

श्रीधर म्हणाला, "मामा, हे तर आपल्याच बाजूचं आहे. दीडपट आपल्याला, विचार आपल्याला. त्याच्या हाताला तर नियमानं बांधलंय. मग ते कमावतात कशावर?"

प्रश्न बरोबर होता. उत्तर एका शब्दात आहे: आधी. तुम्ही आधी खेळता. तुम्ही जळलात की तुमचे पैसे गेले. मागाहून वाटणाराही जळला तरी ते परत येत नाहीत. दोघेही चुकले तर दंड एकालाच. कॅसिनोचा सगळा संसार या एका 'आधी'वर चालतो. त्यासाठी फासे भारलेले लागत नाहीत आणि पाने खुणेची लागत नाहीत. महाभारतात दुर्योधन म्हणाला, पैज माझी, फासे मामा टाकील. आणि धर्मराजाने ते मान्य केले. हरणे तिथेच ठरले.

मग मी त्याला तीन बेरजा घातल्या.

पहिली. तुमच्याकडे सोळा आहेत. तेरा प्रकारच्या पानांपैकी सहा, सात, आठ, नऊ, दहा, गुलाम, राणी, राजा, या आठांनी तुम्ही जळता. तेरात आठ. बारा असतील तर फक्त दहाच्या चार प्रकारांनी, तेरात चार. म्हणून वाटणाऱ्याचे उघडे पान दुबळे, म्हणजे चार, पाच, सहा असेल तर बारावरही थांबावे आणि जळायची पाळी त्याच्यावर येऊ द्यावी. सात किंवा वरचे असेल तर सोळावरही धोका पत्करावा. मनाचा कौल घेऊ नये.

दुसरी. वाटणाऱ्याचे उघडे पान एक्का असले की तो अदबीने विचारतो, विमा घेणार? त्याच्याकडे ब्लॅकजॅक निघाला तर विम्याचे दुप्पट देतात. दुप्पट रास्त ठरायला तिनात एक तरी शक्यता हवी. दहाची पाने तेरात चार, म्हणजे तिनात एकाहून कमी. विमा हा शब्द चांगला, व्यवहार वाईट. घेऊ नये.

तिसरी. खरा ब्लॅकजॅक साधारण एकवीस डावांत एकदा येतो. शंभराच्या पैजेला दीडपटीने दीडशे मिळतात. काही टेबलांवर पाचाला सहा देतात. मग एकशे वीसच. वर पाटी लहान अक्षरांत असते. बसण्याआधी ती वाचावी.

हे सगळे नीट पाळले तर कॅसिनोचा फायदा शेकड्याला अर्ध्या-एक रुपयापर्यंत उतरतो. ही गणिते पहिल्यांदा नीट मांडली ती चार अमेरिकन सैनिकांनी, हिशेबाच्या साध्या यंत्रांवर, आणि १९५६ साली एका संख्याशास्त्राच्या नियतकालिकात छापली. पुढे १९६२ साली एडवर्ड थॉर्प या गणिताच्या प्राध्यापकाने दाखवले, की गेलेली पाने लक्षात ठेवली आणि उरलेल्यांत एक्के व दहा जास्त असतील तेव्हाच पैज वाढवली, तर पारडे खेळणाऱ्याकडे झुकते. मग कॅसिनोवाल्यांनी एकाऐवजी अनेक जोड एकत्र पिसायला सुरुवात केली.

मला इथे नळाची आठवण झाली. राज्य फाशांत गमावलेला नळ ऋतुपर्णाचा सारथी होतो. वाटेत ऋतुपर्ण एका बेहड्याच्या झाडाची पाने आणि फळे नजरेने मोजून सांगतो. नळ उतरून मोजतो तो बरोबर तितकीच. अश्वविद्येच्या बदल्यात तो ते मोजण्याचे शास्त्र, अक्षहृदय, शिकतो आणि त्याच क्षणी त्याच्या अंगातला कली बाहेर पडतो. ही कथा कानडीत कनकदासांनी 'नळचरित्रे'त सांगितली; त्यांचे बाड गाव पूर्वी आमच्याच धारवाड जिल्ह्यात होते, १९९७ पासून हावेरीत आहे. मराठीत ती रघुनाथ पंडितांमुळे घरोघरी गेली. कली गेला तो नवसाने नव्हे, मोजता आल्याने, हा या कथेतला भाग कीर्तनकार सहसा वगळतात.

* * *

आता कायद्याकडे वळतो, कारण सीमेवरच्या माणसाला तो दोन्हीकडून लागतो.

धारवाड मुंबई इलाख्यात होते तेव्हा इथे १८८७ चा मुंबईचा जुगार प्रतिबंधक कायदा होता. १ नोव्हेंबर १९५६ ला आम्ही म्हैसूर राज्यात गेलो. पुढे १९६३ चा पोलीस कायदा आला. त्या सुमारास दोन राज्यांमधल्या जुगाराचा एक मोठा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. बंगळूरला छापले जाणारे एक साप्ताहिक शब्दकोड्यांच्या बक्षिसांवर मुंबई राज्यात धो-धो खपत होते. मुंबई सरकारने कर लावला. मालक म्हणाले, आमचा व्यापार राज्याबाहेरून चालतो. ९ एप्रिल १९५७ ला सरन्यायाधीश सु. रं. दास यांच्या पीठाने निकाल दिला, की जुगार हा व्यापारच नव्हे. घटनेने दिलेले व्यापाराचे स्वातंत्र्य त्याला मिळत नाही. त्या निकालपत्रात ऋग्वेदातल्या त्या जुगाऱ्याचाही उल्लेख आहे. पुढे १९६७ च्या आणखी एका निकालात न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवला आणि तीन पत्त्यांचा खेळ निव्वळ नशिबाचा.

सगळ्यात चमत्कारिक वर्ष १९७६. त्या एकाच वर्षी गोव्याने जुगारबंदीचा कायदा केला आणि महाराष्ट्राने कॅसिनोंना परवाने देऊन कर घेण्याचा. बंदीचा कायदा करणाऱ्या गोव्याने १९९२ च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरचे खेळ, आणि १९९६ च्या दुरुस्तीने नौकांवर टेबलांचे खेळ मोकळे केले. मांडवीत बोटी उभ्या आहेत त्या हौसेखातर नव्हेत. पत्त्यांचे टेबल कायद्याने पाण्यावरच मांडता येते म्हणून. परवान्याचा कायदा करणाऱ्या महाराष्ट्राने मात्र तो कधी अमलात आणलाच नाही, आणि २०२३ साली रद्द करण्याचा निर्णय घेतला. कागदावर ज्याने दार लावले त्याच्याकडे कॅसिनो आहेत. ज्याने उघडले त्याच्याकडे एकही नाही. इतिहास शिकवताना कायद्याची नुसती नावे पाठ करून घेऊ नयेत, ते यासाठी.

फेब्रुवारी २०२० पासून गोव्याने आपल्याच रहिवाशांना कॅसिनोत जायला मनाई केली. म्हणजे बोटीवर जायचे ते आपण, अनमोडचा नाही तर चोर्ल्याचा घाट उतरून. सप्टेंबर २०२५ पासून कॅसिनोवर वस्तू व सेवा कर चाळीस टक्के झाला. कौटिल्य जिंकणाऱ्याकडून पाच घेत होता.

* * *

या सगळ्याचा अक्काच्या पाटल्यांशी काय संबंध, ते सांगायला हवे.

भावजी हुबळीत कापसाच्या अडतीवर हिशेबनीस होते. हिशेबाला इतके चोख, की मालक डोळे मिटून सही करी. पण मटक्याचा नाद लागला. मटक्याचे मूळही कापसातच आहे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे भाव मुंबईला तारेने येत, त्यांच्या आकड्यांवर सट्टा चाले. १९६१ साली ते भाव येणे थांबले. मग मुंबईत कल्याणजी भगत आणि पाठोपाठ रतन खत्री यांनी आपापले आकडे काढायला सुरुवात केली. पुढे पत्ते काढून त्यांच्या बेरजेचा शेवटचा आकडा जाहीर होऊ लागला. हुबळीत त्याला 'ओसी' म्हणतात. दहातला एक आकडा आणि रुपयाला नऊ. म्हणजे शंभरातले दहा दर वेळी मालकाचे. भावजींना हे कळत नव्हते असे नाही. पण ते हरले की दुप्पट लावीत. एकदा तरी येणारच, मग सगळे निघून येईल, हा त्यांचा हिशेब.

तो हिशेब मी श्रीधरला करून दाखवला, कुणाचा ते न सांगता. शंभरापासून दुप्पट करीत सात वेळा हरलो, तर बारा हजार सातशे गेलेले असतात. आठव्या डावाला बारा हजार आठशे लागतात. कशासाठी? तो जिंकलो तर निव्वळ नफा शंभर रुपये. कॅसिनोच्या टेबलावर तर जास्तीत जास्त पैजेची मर्यादाही लिहिलेली असते.

मग आम्ही खेळायला बसलो. शंभर डाव खेळायचे ठरले. प्रत्येक डावाला दोन चिंचोके, म्हणजे दीडपटीचा हिशेब अर्ध्यात अडकत नाही. दुप्पट नाही, फोड नाही. श्रीधरजवळ शंभर चिंचोके, बँक माझी, आणि शाळेच्या वहीत नोंद. अडतिसाव्या डावापर्यंत त्याची चांगलीच चढती होती. एकशे चोवीस झाले होते. तो हसून म्हणाला, "मामा, आत्ता उठलो असतो तर!"

दारातून अक्का म्हणाली, "तुझे बाबाही हेच म्हणायचे."

ती कधी येऊन उभी राहिली होती ते आम्हाला कळले नाही. भावजींना जाऊन पंधरा-सोळा वर्षे झाली. श्रीधरला वडील आठवतात ते औषधांच्या बाटल्यांजवळ बसलेले. पाटल्यांची गोष्ट त्याला कुणी सांगितली नव्हती. अक्काने ती त्या रात्री सांगितली, चार-पाच वाक्यांत. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बाळू, तू ऊठ. बँक मी घेते."

तीस वर्षांनी तिच्या हातात पत्ते आले. पिसताना पहिल्यांदा दोन पाने खाली पडली. पुढचे बासष्ट डाव तिने वाटले, सोळाला पान, सतराला थांबणे, काटेकोर. शेवटी वहीत बेरीज केली: श्रीधर त्रेचाळीस डाव जिंकला, त्यात चार ब्लॅकजॅक, एकोणपन्नास हरला, आठ बरोबरीत गेले. जवळ ब्याण्णव चिंचोके उरले. तो एकही नियम चुकला नव्हता, आणि अक्काने एकही पान लपवले नव्हते. तरी आठ चिंचोके तिच्याकडे आले होते. ती ते हातात घेऊन बराच वेळ बघत बसली. म्हणाली, "म्हणजे ह्यांचं डोकं कमी नव्हतं." मी म्हटले, "नव्हतंच, अक्का. खेळच दुसऱ्याचा होता."

तिला एवढे सांगणारे कुणी तीस वर्षांत भेटले नव्हते. नवऱ्याला लोक मूर्ख म्हणाले, दुर्बळ म्हणाले. मीही मनात म्हणत होतो. पत्ते जाळून टाकण्याने तिच्या घरातला खेळ थांबला, पण ते कोडे सुटले नव्हते.

श्रीधर डिसेंबरात गोव्याला गेला. खिशात तीन हजार वेगळे ठेवले होते, कार्ड खोलीवर ठेवले होते. दोन तास बसला, अकराशे रुपये घेऊन उठला. फोनवर त्याने एवढेच सांगितले, आणि मी त्यापुढे विचारले नाही.

माझ्या कार्यालयात अलीकडे फी थकलेले पालक येतात. त्यांतल्या काहींच्या घरातला पैसा मोबाईलवरच्या रमीत गेलेला असतो. कर्नाटकाने २०२१ साली ऑनलाइन जुगारावर बंदी आणली, ती २०२२ च्या फेब्रुवारीत उच्च न्यायालयाने रद्द केली. मग ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. कायदे येतील, जातील. दहावीच्या पुस्तकात संभाव्यतेचा धडा असतो. यंदा मी गणिताच्या शिक्षकांकडून एक तास मागून घेतला आणि सोळावर पान मागायचे की नाही, हे गणित मुलांना घातले. मागच्या बाकावरून कुणी तरी ओरडले, "आट कलस्री, सर!" खेळ शिकवा, सर. मी म्हटले, तोच तर शिकवतो आहे.

या पाडव्याला अक्का येणार आहे. चिंचोक्यांचा डबा उन्हात घालून ठेवला आहे.